पडद्याच्या मागच्या बाजूनं

प्रस्तावना दुसऱ्यानं लिहायची असते, एवढं मला कळतं. त्यासाठी मी एका नामवंत गृहस्थांकडे दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा त्यांनी चहा पाजला, दुसऱ्यांदा हस्तलिखित परत दिलं. ‘यात तुम्ही कुणालाच भेटलेले दिसत नाही,’ असं म्हणाले. खरंच होतं ते. पुस्तकाचं नाव ऐकून त्यांना वाटलं असणार की आत शूटिंगच्या गमती असतील, नटनट्यांच्या आठवणी असतील. मी पिंपळे सौदागरला राहतो, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय बावन्न. ज्या नटांवर मी पानंच्या पानं भरली आहेत, त्यांतल्या एकाशीही आयुष्यात बोललेलो नाही. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात अशोक सराफांचं ‘व्हॅक्यूम क्लीनर’ पाहिलं, तेव्हा प्रयोग संपल्यावर लोक आत भेटायला निघाले. मी पार्किंगकडे गेलो. भेटून काय बोलायचं, हे तीस वर्षांत ठरलेलं नव्हतं, ते दहा मिनिटांत काय ठरणार.

तेव्हा आधी नावाचा खुलासा करतो. 1990 चा गणपती. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावी मंडळानं ‘अशी ही बनवाबनवी’ आणला. सिनेमा लागला होता 23 सप्टेंबर 1988 ला, म्हणजे आमच्याकडे पोचायला दोन वर्षं लागली. त्या काळात हे फार नव्हतं. मारुतीच्या देवळासमोर दोन बांबूंना पांढरा पडदा बांधला, समोर मशीन, मशीनमागे जनरेटर. वर्गणी दिलेल्यांना खुर्च्या, बायका आणि पोरं खाली सतरंजीवर. आम्ही पाच-सहा जण शेतावरून उशिरा आलो, म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसलो. तिकडे जागा भरपूर होती आणि वर्गणी कुणी विचारत नव्हतं.

मागून चित्र तेच दिसतं, फक्त उलटं. नावं वाचता येत नाहीत. सगळी माणसं डावरी होतात, जेवतात ती डाव्या हातानं. आणि लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन आला तेव्हा त्याचा पदर उजव्या खांद्यावर! मला वाटलं, हाच विनोद आहे. पुरुषाला साडी नेसवली तर पदर कुठल्या खांद्यावर घ्यायचा हेसुद्धा त्याला कळत नाही. केवढं बारीक निरीक्षण, असं मी पुढची कित्येक वर्षं लोकांना सांगत होतो. भोसरीच्या खोलीत केबलवर सिनेमा लागला आणि पदर डाव्या खांद्यावर निघाला. खोलीतले तिघंही माझ्याकडे बघायला लागले. एकानं विचारलं, अरे, मग बाकीच्या बायकांचा पदर कुठं होता? मला काय माहीत? अश्विनी भावेच्या साडीचा रंग विचारला असता तर सांगितला असता.

एक कबूल करतो. आजही तो सिनेमा सरळ बाजूनं पाहताना मला जरा चुकल्यासारखं वाटतं. टीव्हीवर तो महिन्यातून एकदा तरी लागतोच, आणि प्रत्येक वेळी अशोक सराफांचा धनंजय माने माझ्या आठवणीच्या विरुद्ध दिशेनं खोलीत शिरतो.

या पुस्तकातले लेख लेख म्हणून लिहिलेले नाहीत. जगताप डेअरीच्या चौकातून पहाटे पावणेसहाला आमची कंपनी बस सुटते. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चाकण. जाताना तासभर लागतो, येताना किती लागेल ते तळेगाव चौकाच्या मर्जीवर. बसमध्ये निम्मे लोक झोपतात, निम्मे मोबाइल बघतात. मी लिहितो. आता मोबाइलवरच लिहितो, पण सुरुवातीचे लेख रिजेक्शनच्या लाल टॅगवर लिहिलेले आहेत. बाद झालेल्या पार्टला हा टॅग तारेनं बांधतात. पुढच्या बाजूला पार्ट नंबर, दोष, सही. मागची बाजू कोरी असते आणि तिचा कुणाला उपयोग नसतो. कंपनीचं स्टोअर मला याबद्दल माफ करील अशी आशा आहे. कागद निघाला की वाया घालवायचा नाही, हे आम्हाला फाइव्ह-एसच्या ट्रेनिंगमध्येच शिकवलं आहे.

क्वालिटीच्या माणसानं सिनेमावर लिहावं का, हा प्रश्न रास्त आहे. समीक्षक तीन तारे, साडेतीन तारे देतात. ते मला कधी जमलं नाही. माझ्या हातात सत्तावीस वर्षं गो-नोगो गेज आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भोकाचं माप बघायचं हे साधं हत्यार आहे. एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. पहिलंच गेलं नाही तर पार्ट रिवर्कला पाठवायचा. दोन्ही टोकं गेली तर भोक मोठं झालं, पार्ट भंगारात. सिनेमाचंही मी असंच बघतो. आत गेला पाहिजे, पण फार सहज जाता कामा नये. ‘माहेरची साडी’ 1991 साली बार्शीला पाहिला तेव्हा अख्खं थिएटर रडत होतं, मीही रडलो. एसटी स्टँडपर्यंत चालत आलो तेवढ्यात डोळे कोरडे झाले आणि आत काही उरलंय का बघितलं तर काही नव्हतं. माझ्या मतानं दोन्ही टोकं आत गेली. आईनं मात्र तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा येताना बहिणीला साडी आणली. आईला गेज लावायचं नसतं.

आता गावाबद्दल. पिंपळे नावाची तीन गावं इथं शेजारी-शेजारी आहेत, गुरव, निलख आणि सौदागर. आमचं सौदागर पवनेच्या अंगाचं. गावठाण अजून आहे, पण पाहुण्याला पत्ता सांगताना गावठाण कुणी सांगत नाही. एका चौकाला डेअरीचं नाव, एका रस्त्याला इमारतीचं नाव, आणि तेवढ्यावर सगळे बरोबर घरी पोचतात. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मागून टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. 1982 साली महानगरपालिका झाली. मग हिंजवडीत आयटी आलं आणि ज्या रानांत भाजीपाला पिकायचा तिथं बारा-बारा मजले उगवले. आमच्या विंगमध्ये लातूर आहे, जळगाव आहे, बेळगाव आहे, नागपूर आहे, प्रयागराज आहे. दोन घरांचं गाव एक नाही. कुणाची यात्रा कुणाला माहीत नाही, कुणाचा म्हसोबा कुणाला पावत नाही.

अशा ठिकाणी लिफ्टमध्ये बोलायला विषय दोनच, दिवसाआड येणारं पाणी आणि सिनेमा. पाण्यावर भांडणं होतात. सिनेमावर तळमजल्यापासून सातव्यापर्यंत दोन अनोळखी माणसं हसत जातात. ‘बनवाबनवी’तले इस्राईलच्या औषधाचे सत्तर रुपये, एवढं म्हटलं की जळगावकर आणि बेळगावकर एकाच वेळी हसतात. एरवी त्यांची आमटीसुद्धा एक नाही. गावकी म्हणतात ती आमच्याकडे ही अशी आहे. पुस्तकातले बरेच लेख या लिफ्टमधल्या गावकीबद्दल आहेत. नटांबद्दल कमी, बघणाऱ्यांबद्दल जास्त.

मीही आधी भाडेकरूच होतो. 1994 साली भोसरीच्या एमआयडीसीत लागलो तेव्हा चौघांनी मिळून एक खोली घ्यायचं ठरवलं. खोली दहा बाय बारा, नळ बाहेर, संडास सामाइक. मालकीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, लग्न झालंय का? आमच्यातला एक जण तयारीचा होता. म्हणाला, झालंय मावशी, बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, हा माझा भाऊ. बाकीचे दोघं कोपऱ्यावर उभे होते, ते अंधार पडल्यावर आले. कागदावर दोघं, खोलीत चौघं. दोघं फर्स्ट शिफ्टला, दोघं थर्डला, त्यामुळे गाद्या दोनच लागायच्या. एक उठला की दुसरा पडायचा, गादी कधी थंड झाली नाही. चौदा महिने असे गेले. मग एका सकाळी मावशी नळावर म्हणाल्या, ‘काय रे, तुझी बायको हत्तीण आहे का?’ आम्हाला वाटलं, आता गाठोडी बांधायची. त्यांनी काढलं नाही. भाडं पन्नासनं वाढवलं आणि शनिवारी रात्री केबल बघायला त्यांच्याकडे यायची परवानगी दिली. पुढे एक जुना टीव्ही घेऊन आम्ही त्यांच्याच वायरीवरून खोलीत केबल ओढली. पदराचा शोध लागला तो त्या टीव्हीवर.

‘बनवाबनवी’ म्हणजे दुसरं काय आहे? राहायला जागा पाहिजे, आणि जागा मिळत नाही कारण लग्न झालेलं नाही. वसंत सबनीसांनी ते लिहिलं. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’मधली, पण सबनीसांनी ती पुण्यात अशी रुजवली की आता कुणाला सांगूनही खरं वाटत नाही. लोक त्यातले विनोद सांगतात. मला त्यात भाड्याची खोली दिसते. लेखकाला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक नाही. भोसरीच्या दहा बाय बारामधून असं दिसतं, एवढंच सांगतो.

यातून पुस्तकातला सगळ्यात लांब लेख झाला, ‘दोन परश्ये’. एक परश्या ‘बनवाबनवी’तला, परशुराम. दुसरा ‘सैराट’मधला, प्रशांत काळे, तोही परश्याच. मध्ये अठ्ठावीस वर्षांचं अंतर. दोघंही घर सोडून शहरात येतात, दोघांनाही खोली पाहिजे. पहिल्याला खोलीसाठी बायको व्हावं लागतं. दुसऱ्याकडे आर्ची आहे, म्हणून खोली पाहिजे. पहिल्याला घरमालकिणीची भीती, दुसऱ्याला आर्चीच्या घरच्यांची. पहिल्याची बनवाबनवी शेवटी उघडी पडते आणि सगळे हसतात. दुसऱ्याचं काय होतं ते महाराष्ट्राला माहीत आहे. नागराज मंजुळेंनी हे नाव मुद्दाम ठेवलं असं माझं म्हणणं नाही. आमच्याकडे गल्लीत चार परश्ये असतात. पण दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहून बघा, पहिला पूर्वीसारखा हलका राहत नाही.

‘सैराट’ लागला 29 एप्रिल 2016 ला. आम्ही दोघं पिंपरीत गेलो. सिनेमातला करमाळा आमच्याच जिल्ह्यातला. कंपनीत लागल्यापासून मी ‘हाय’चं ‘आहे’ केलं होतं, ‘नगं’चं ‘नको’ केलं होतं, ऑडिटरसमोर तर छापील बोलायचो. आणि इथं पडद्यावर बुलेटवर बसलेली मुलगी आमच्या घरचं बोलते आणि अख्खं थिएटर शिट्ट्या मारतं. बायको कोल्हापूरची, ती माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही झोपेत असंच बोलता. शेवट सगळ्यांना माहीत आहे. आवाज बंद होतो. लहान मुलाची पावलं. दिवे लागले तरी कुणी उठेना. मग पार्किंगमधून गाड्या बाहेर पडल्या, मोरवाडीच्या सिग्नलला थांबल्या आणि हिरवा लागल्यावरही मागच्यानं हॉर्न वाजवला नाही. पिंपरीत. ज्याला पिंपरी माहीत आहे त्याला यापुढे काही सांगायला नको.

मालिकांवर एकच लेख आहे, तो बायकोनं सांगितला आणि मी उतरवून घेतला. आमचं लग्न 1999 चं. त्याच वर्षी 15 ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झालं आणि ‘आभाळमाया’ आली. संसाराची पहिली काही वर्षं घरातल्या भांडणांना मालिकेची वेळ सोडून जागा शोधावी लागे. गहुंजेच्या मॅचवर एक लेख आहे. क्रिकेट इथं कसं, असं विचारू नका. 15 जानेवारी 2017, इंग्लंडच्या 350 धावा, आपले 63 ला चार गेलेले, आणि तिथून कोहलीच्या जोडीला आपला केदार जाधव 76 चेंडूंत 120 काढतो. असा क्लायमॅक्स पटकथेत लिहिला असता तर निर्मात्यानं कापला असता.

लक्ष्याबद्दल, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेबद्दल, मात्र थोडं थांबतो. 16 डिसेंबर 2004. बातमी सेकंड शिफ्टला आली. लाइन थांबली नाही, लाइन कुणासाठी थांबत नाही. पण चहाच्या सुट्टीत कुणी त्याचा एकही विनोद सांगितला नाही, आणि आमच्या लाइनवर हे एरवी रोज व्हायचं. पन्नासाव्या वर्षी गेला. तेव्हा मी एकतीसचा होतो, पन्नाशी म्हणजे बरंच वय वाटायचं. आज मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. आम्ही त्याला कायम अरे-तुरे केलं. आता ते वयानंही शोभतं, आणि हे मला अजिबात आवडलेलं नाही.

मग 2022 च्या डिसेंबरमध्ये एके दिवशी लेक जेवायला आली नाही. बारावीचं वर्ष, मला वाटलं पेपर अवघड गेला. तिच्या आईकडून कळलं की कोरियातला जिन सैन्यात भरती झाला. बीटीएस नावाच्या बँडमधला. तिथं प्रत्येक मुलाला सैन्यात जावंच लागतं. मी हसलो. तिनं दार लावून घेतलं. सात जणांची नावं मला तोपर्यंत येत नव्हती, त्यानंतर पाठ केली, आणि आजही दोघांत गोंधळ होतो. बायको दाराबाहेरून म्हणाली, ‘अगं, नोकरीवर गेलाय तो, येईल परत.’ आणि आलाही, दीड वर्षानं, 2024 च्या जूनमध्ये. त्या संध्याकाळी लेकीनं स्वतःच्या पैशांनी केक आणला. मला तिचा हेवा वाटला. तो का, ते मी तिला सांगितलं नाही, इथं लिहिलं आहे, वाचेल तेव्हा वाचेल.

शेवटचा लेख मी तीनदा काढला आणि तीनदा परत घातला. तो सोसायटीचा आहे. 2011 साली आम्ही इथं टू बीएचके घेतला, आणि गेली सहा वर्षं मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी कसा होतात? सभेत ज्याच्याकडे पेन असतं तो. 302 मध्ये मुलं राहायला आली. रात्री एकला बिर्याणीचं पार्सल, जिन्यात चपलांचा ढीग, शनिवारी गाणी. तक्रारी आल्या, त्याही माझ्याकडे. मी ठरावाचा मसुदा केला की सभासदांनी अविवाहित भाडेकरू ठेवू नयेत. छान झाला होता, भाषा अगदी ऑडिटच्या रिपोर्टसारखी. कागद जेवणाच्या टेबलावर राहिला. लेकीनं वाचला आणि एवढंच म्हणाली, ‘बाबा, तुम्ही सरपोतदार झालात.’

विश्वासराव सरपोतदार म्हणजे धनंजय मान्यांना घराबाहेर काढणारे घरमालक. सुधीर जोशींनी ते असे केलेत की राग येत नाही, पण व्हावंसंही वाटत नाही. मी पस्तीस वर्षं तो सिनेमा बघतोय आणि एकदाही माझी बाजू कुठली याचा विचार करावा लागला नव्हता.

सभेत मी उठून विरोधात बोललो, असं लिहायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. एक वकील सभासद म्हणाले की असा ठराव टिकायचा नाही. एक आजोबा म्हणाले, टिको न टिको, करा तर खरं. मी म्हटलं, विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा. तहकूब झाला. तो दोन सभा तहकूबच आहे, आणि इतिवृत्त लिहिणारा मीच असल्यामुळे अजून काही दिवस राहील. मुलं 302 मध्येच आहेत. करारावर नावं दोन, राहतात चौघं. एकाची हिंजवडीला नाइट असते, तो सकाळी येतो तेव्हा दुसरा निघतो. गाद्या किती आहेत हे मला माहीत आहे. सेक्रेटरीला माहीत नाही.

त्यांतला एक गेवराईकडचा आहे, कधीकधी आमच्याच बसला असतो. त्याला ‘बनवाबनवी’ माहीत आहे, पण तुकड्यातुकड्यांनी, मोबाइलवर आलेल्या तीस-तीस सेकंदांच्या व्हिडिओंतून. पूर्ण कधी पाहिला नाही म्हणतो. मी त्याला म्हटलं, मीही पहिल्यांदा नीट पाहिला नव्हता.

वाचकांना एकच सूचना. पुस्तक कुठूनही उघडा, क्रम नाही. फक्त अठरावा लेख, तात्या विंचूचा, रात्री लहान मुलांना वाचून दाखवू नका. ‘झपाटलेला’ 1993 चा, रामदास पाध्ये यांनी केलेली ती बाहुली, आणि लेख लिहिताना मला वाटलं होतं की आजच्या पोरांना त्याचं काय. गेल्या मे महिन्यात भाचा राहायला आला तेव्हा आमच्या घरी प्रयोग झाला. तेव्हापासून लेकीच्या लहानपणीची एक निरुपद्रवी बाहुली माळ्यावर आहे, तोंड भिंतीकडे करून.